धोंडूशेठच्या जिन्याची चौथी पायरी

मी एक जुनी सागवानी पाटी आहे, मित्रांनो, आणि एके काळी मला भलतीच शिंगं फुटली होती. अंधेरीतल्या एका चाळीच्या जिन्याशी माझा थाट होता. त्या जिन्याची चौथी पायरी मोडली, तेव्हा भाडेकरूंनी मालक धोंडूशेठकडे सुतार मागितला. शेठनी रंगारी धाडला! त्याने मोडक्या पलंगाच्या लांबलचक फळीवर, म्हणजे माझ्यावर, लाल अक्षरांत एका ओळीत लिहिलं: 'पायरी मोडकी. पडल्यास मालक जबाबदार नाहीत.'

शेठ जाम खूश. दर दसऱ्याला आपल्या स्कूटरसोबत मलाही झेंडूचा हार घालायचे. भाडेकरू बिचारे तिसरीवरून पाचवीवर ढांग टाकायला शिकले, आणि मी फुगून बसले.

चौऱ्याऐंशी साली खारदांड्याची सोनूबाई कोळीण पहिल्यांदाच चाळीत आली. वरच्या सुलक्षणाबाईंनी बोंबलांसाठी हाक मारली. डोक्यावर टोपली घेऊन ती माझ्यासमोरूनच वर चढली, आणि चौथ्या पायरीवर कडाड् झालं. बोंबील जिनाभर आणि सोनूबाई खाली. पाय मोडला हो! दोन महिने प्लास्टर, आणि घर चालायचं तिच्या टोपलीवर. तिला वाचता येत नव्हतं. असंही एखादं माणूस येईल, हे माझ्या लाकडी डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

शेठनी मात्र हात झटकले. पाटी लावलीय, माझा काय संबंध, म्हणाले. मग सुलक्षणाबाईंनी पदर खोचला आणि प्रकरण कोर्टात गेलं. शेठ मला रिक्षात मांडीवर घेऊन गेले, वाळक्या हारासकट. तिथे त्यांनी आधी सांगितलं की पायरी मोडल्याचं आपल्याला कुणी कळवलंच नाही. मग ऐटीत मला पुढे केलं.

सोनूबाई कुबडी टेकून उभी राहिली.

"सायब, मना वाचता नाय येत," ती म्हणाली. "पन याला पायरी ठाव नव्हती, तं पाटी कुनी लावली? आनि सुलक्षणाबाय सांगते, दर दसऱ्याला हिला हार घालतो, म्हंजे दरसाल आठवन व्हती ना?"

न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि मला पुन्हा एकदा वाचलं. शेठना वाचवायला आलेली मी त्यांच्याच विरुद्धची पहिली साक्षीदार ठरले! सोनूबाईच्या औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली कमाई शेठच्या गळ्यात पडली. जिनाही दुरुस्त करायचा हुकूम झाला.

अखेर सुतार आला. नवं लाकूड कशाला, हीच फळी बसव, असं शेठ म्हणाले. चिक्कूपणा काही सुटला नाही. सुताराने मापाने माझी दोन्ही टोकं कापली. एका टोकाबरोबर 'पायरी मोडकी' गेलं, दुसऱ्याबरोबर 'नाहीत'. उरलं ते एवढंच: 'पडल्यास मालक जबाबदार'.

मित्रांनो, आपल्या दारी येणाऱ्याचा पाय सांभाळायचा असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी हातोडा शोधा. सोनूबाई अजून बोंबील घेऊन येते. चढताना माझ्यावर मुद्दाम दोनदा पाय आपटून बघते. आपटू दे बापडी. मी हलत नाही.