एक पीस जास्त

चाळीस लेबलं छापायची होती. यशोधराच्या प्रोग्रामने एक्केचाळीस छापली.

समर्थ सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून अख्ख्या वर्गाला ते दाखवलं. "काकी, इकडे कापड नाय कापायचं," ते म्हणाले. पोरं हसली.

चूक तिला लगेच कळली आणि कळल्यामुळेच जास्त संताप आला. उल्हासनगर कॅम्प चारच्या जीन्सच्या कारखान्यात तिने वर्षानुवर्षं कटिंग केलं होतं. ऑर्डरपेक्षा एक पीस जास्त कापायचा, ही तिथली रीत. शिवताना एखादा बिघडला तर शेठच्या शिव्या नकोत. पुढे शेठने कटिंगचं मशीन आणलं नि तिला घरी बसवलं, पण हाताची सवय अंबरनाथच्या या कॉम्प्युटर क्लासपर्यंत तिच्या मागोमाग आली. लूप लिहिताना तिने एक फेरी जास्त ठेवली, आणि ठेवताना त्यात काही वावगंही वाटलं नाही.

स्वतःवरचा राग तिने गिळला असता. दुसरा गिळवेना. बदलापूरच्या एका ऑफिसात ट्रेनी म्हणून घ्यायला क्लासमधून आज नावं जायची होती. अक्षयचा प्रोग्राम तर सुरूच होत नव्हता. त्याला सरांनी शेजारी बसवून दुरुस्त करायला लावला. सोनूलाही पुन्हा संधी दिली. यादीच्या कागदावर तिच्या नावापुढे मात्र सरळ फुली.

मलाही एकदा सुधारू द्या, असं ती म्हणाली. सर म्हणाले, आता वेळ नाही. शिवाय या वयात लॉजिक डोक्यात बसायला जड जातं, ओळखीत डेटा एन्ट्रीचं काम आहे, तिथे शब्द टाकतो. बोलले अगदी मायेने. त्या मायेनेच तिचं डोकं फिरलं. या वयात शिकून काय दिवे लावणार, असं बुवापाड्यातल्या शेजारीण कौसाबाईनेही ऐकवलं होतं. पण कौसाबाईने फी घेतली नव्हती.

ती खुर्चीतून उठलीच नाही. पुढचा नंबर तेजलचा होता. ती मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "करा ताई, मी थांबते."

यशोधराने ती ओळ शोधली, जास्तीची फेरी काढून टाकली, प्रोग्राम पुन्हा चालवला. सर पाठमोरे होऊन बोर्ड पुसत होते.

"सर, झालं."

"हां, ठीक आहे. चला, पुढचा."

"बघा तरी."

"बघितलं, काकी."

त्यांनी मान वळवलीसुद्धा नव्हती. तिच्या धाकट्या दिराहून लहान असलेल्या या पोराला ती पहिल्या दिवसापासून सर म्हणत आली होती. ती उठली, त्याच्या हातातलं डस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची त्याच्याकडे फिरवली.

"समर्थ, इथे बस. मोज."

वर्गात कुणी हसलं नाही. तो बसला. स्क्रीनवर बोट फिरवत मोजू लागला, सुरुवातीला मनात, मग तिने "ऐकू येऊ दे" म्हटल्यावर मोठ्याने. चाळीसला बोट थांबलं. खाली काही नव्हतं.

राग तेवढ्याने उतरला नाही. तिने फुलीचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि वर आपलं पेन ठेवलं.