ताईच्या कानातला श्वास

कार्यक्रम ताईचा आणि दिग्दर्शक तिचा धाकटा भाऊ, त्यामुळे कुरबुरीला वेगळं कारण लागत नसे. ताई जंगली जनावरांची डॉक्टर. सकाळी गरुडाचा पंख बांधायचा, दुपारी कोल्हिणीच्या पोटातून गिळलेली पिशवी काढायची, आणि हे करता करता कॅमेऱ्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलायचं, हे तिनंच करावं. भावाला तिचा केवढा अभिमान होता! पण तोंडावर कौतुक करायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

भांडण होतं ते तिच्या कानावरून. निवेदकाच्या कानात एक बारकं यंत्र असतं, त्यातून दिग्दर्शक सूचना देतो. ताईनं त्याचा उपयोग वेगळाच काढला होता. भूल दिलेल्या जनावराच्या नाकपुडीपाशी ती मायक्रोफोन चिकटवायची आणि त्याचा श्वास थेट कानात घ्यायची. नाडी दाखवणारं यंत्र शेजारी असायचंच, पण ते बोंब मारायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, हा तिचा हट्ट. दिग्दर्शकानं मग काचेमागून माकडासारखे हातवारे करावेत.

त्या दिवशी कार्यक्रम थेट दाखवला जाणार होता. वाहिनीची बडी मंडळी बघणार म्हणून भावाला सगळं बिनचूक हवं होतं. आजच्यापुरता कान मला दे, म्हणून तो मागेच लागला. ताईनं साफ नाही सांगितलं, मग त्याचा पडलेला चेहरा पाहिला आणि विरघळली. श्वास आता फक्त त्याच्या हेडफोनमध्ये येणार होता.

टेबलावर होती सर्कशीतून सोडवलेली म्हातारी अस्वलीण. सगळे तिला आजीबाई म्हणत. नखं वाढून तिच्याच पंजात रुतली होती, पाऊल टेकवत नव्हतं. ताई एकेक नख कापत होती आणि तोंडानं आजीबाईचा स्वभाव रंगवून सांगत होती. सगळं झकास चाललं होतं. फक्त आजीबाईचं तोंड दिसत नव्हतं.

"ताई, तिचं तोंड जरा कॅमेऱ्याकडे घे," भाऊ तिच्या कानात म्हणाला.

बोलण्याच्या नादात ताईनं आजीबाईची मान वळवली, हनुवटीखाली टॉवेलची घडी सरकवली. चित्र असं सुरेख आलं की भाऊ खूश झाला. मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हेडफोनमध्ये ताईचा आवाज होता, कात्रीचा होता. मघापासूनची ती घरघर नव्हती.

"ताई, श्वास ऐकू येत नाहीये."

ताईचं वाक्य अर्धंच राहिलं. कॅमेऱ्याकडे सरळ पाठ फिरवून तिनं टॉवेल ओढून काढला, मान सरळ केली, जीभ पुढे ओढली आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली. तोवर यंत्रही केकाटायला लागलं. वाहिनीचे साहेब फोनवर जाहिरात लावा म्हणून ओरडत होते. भावानं फोन बाजूला ठेवला. ताईच्या कानात त्यानं पुन्हा नाकपुडीचा मायक्रोफोन जोडला आणि तोच आवाज प्रेक्षकांनाही दिला. घरोघरी लोकांना दिसत होती एका बाईची पाठ, आणि ऐकू येत होती नुसती शांतता.

मग एक ओली, जाड घरघर आली. पाठोपाठ दुसरी.

ताई बराच वेळ तशीच ऐकत उभी राहिली. कॅमेऱ्याकडे वळली तेव्हा कपाळ घामानं निथळत होतं. "मान मी वळवली, म्हणून श्वास अडकला," तिनं सांगितलं. "चूक माझी आहे." आणि उरलेली नखं कापायला घेतली. भावाचं नावही तिनं घेतलं नाही.

आजीबाई शुद्धीवर येऊन पिंजऱ्यात गुरगुरायला लागली तेव्हा भाऊ ताईजवळ गेला. सांगितलं मी होतं, तू सगळं स्वतःवर का घेतलंस, असं त्यानं विचारलं.

"हात माझे होते ना," ताई म्हणाली. मग हातमोजे काढत सहज बोलून गेली, "लहानपणी तुला दमा होता. आई-बाबा कामावर असले की मी तुझ्या पाठीला कान लावून बसायची. श्वास ऐकायची सवय तिथलीच आहे."

पुढच्या वेळी टेबलावर बिबट्या होता. मायक्रोफोन घ्यायला ताईनं हात पुढे केला, तर भाऊ आधीच वाकून तो नाकपुडीजवळ नीट चिकटवत होता.