गादी मोकळी

जपानमधल्या नागानोच्या डोंगरात ऑगस्टमध्ये बर्फ कुठला! उतारावर प्लास्टिकच्या ब्रशांची हिरवी चटई, तिच्यावर पाण्याचे फवारे आणि शेवटी हवा भरलेली भलीमोठी गादी. पोरं स्नोबोर्डवरून घसरत येतात, उंच उडी मारतात आणि गादीत धपकन पडतात. पडलेल्याने हात वर करायचा आणि बाजूला व्हायचं. मग खाली उभ्या असलेल्या शिगेमीने गादीकडे बोट दाखवून ओरडायचं, "गादी मोकळी!" त्याशिवाय वरचा हलत नाही. बारा वर्षं ती हेच करत आली होती. बोट आणि तोंड आपापलं काम उरकत, डोळे हवे तिकडे फिरत.

गेल्या ओबोनच्या सणात नेमकं तेच नडलं. सोळा वर्षांचा ताकुमा अजून गादीतच होता, शिगेमी 'मोकळी' म्हणून ओरडली आणि वरून सुझुना त्याच्या मानेवर उतरली. "त्याने हात केला होता. हातमोजा राहिला म्हणून परत वळला असेल," असं शिगेमीने चौकशीत सांगितलं. पोर जिवानिशी गेलं, वर वेंधळेपणाही त्याच्याच माथी बसला.

आज वर्षाने सुझुना पहिल्यांदा वर उभी होती. भर दुपारचं ऊन भाजत होतं. शिगेमीने बोट उचललं, आणि ते तसंच राहिलं. गादीत ताकुमा उताणा पडला होता. ओबोनच्या दिवसांत मेलेली माणसं घरी येतात म्हणे, त्याच्या आईनेही दारात दिवा लावला असेल. हा मात्र इथेच आला होता.

"मावशी, डुलकी लागली का?" प्रशिक्षक निवा ओरडले. "गादी रिकामी आहे की!"

"सर, जरा थांबा."

"अहो, पोरीचं अवसान गळायच्या आत बोला ना!"

 ताकुमा शिगेमीकडेच बघत होता. त्याच्या नजरेत रागही नव्हता, आणि त्यामुळे तिला स्वतःची जास्तच किळस आली.

"त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं!" ती ओरडली. "त्याने हात केलाच नव्हता. मी खोटं बोलले. चूक माझी होती, ऐकतेस ना सुझुना?"

 वरून सुझुनाचा आवाज आला, अगदी शांत.

"माहितीय, मावशी. मला वरून तो दिसत होता."

"मग आलीस कशाला गं?"

"तुम्ही मोकळी म्हणालात ना." ती जरा थांबली. "आत्ताही दिसतोय. तुम्ही म्हणालात तर येते."

शिगेमीने एका हाताने स्वतःचं तोंड गच्च दाबलं आणि दुसऱ्याने गादीत हवा भरणाऱ्या पंख्याचं बटण बंद केलं. गादी सुस्कारत बसू लागली, आधी कडेने, मग मधून. एक जागा तेवढी बसली नाही. सोळा वर्षांच्या पोराएवढी लांब, फुगलेलीच राहिली. ती निवांनाही दिसली असावी, कारण ते दोन पावलं मागे सरले.

वर सुझुना गुडघे वाकवून तयार उभी होती, शिगेमीच्या आवाजाची वाट बघत.