सुई पाच मिलिमीटरचीच होती

सरांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "बाई, इथे एक सही करा." कागदावर लिहिलं होतं की नवी सुई मी चुकून लांब कापली. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षं मी या प्रयोगशाळेत सुया बनवतेय. पाच मिलिमीटर म्हणजे पाच मिलिमीटर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजून वहीत लिहिलेले.

आमची सुई म्हणजे केसाएवढी टंगस्टनची तार, चिनी मातीच्या नळीत बसवलेली, टोक तेवढं उघडं. स्टीलच्या टाकीत वायू विरळ करून वीज सोडली की तो जांभळा उजळतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुई त्यात सरकवायची, व्होल्टेज द्यायचं, करंट बघायचा. तो करंट आणि टोकाचा आकार यांवरून कळतं, एका घनसेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती. पण आमचा वायू कार्बन असलेला, टोकावर काजळी धरतो. काजळी धरली की करंट कमी येतो आणि इलेक्ट्रॉनही कमी दिसतात. म्हणून दर मोजणीआधी जास्त व्होल्टेज देऊन टोक क्षणभर लाल करायचं. काजळी जळून जाते, बस.

तीन वर्षांपूर्वी सरांनी हे स्वतः करायला घेतलं, गप्पा मारत बसले आणि तार वितळवली. नाचता येईना, अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी पॅनेलवर चिठ्ठी लागली: सुई तापवू नये. मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. रोज सकाळी नवी सुई घालायची आणि तीच न तापवता वापरत राहायची. मग या शहाण्यांना शोध लागला की टाकीतले इलेक्ट्रॉन तासाभरात घटत जातात. त्यावर अख्खा प्रबंध लिहिला कोणी, तर माझ्याच भाचीने. धाकट्या बहिणीची लेक, कॉलेजपासून माझ्या घरी राहणारी.

परीक्षकाने एवढंच म्हटलं, अर्ध्या तासाने नवी सुई घालून मोजा. मोजलं, तर आकडा थेट पहिल्या जागी. इलेक्ट्रॉन कुठे गेलेच नव्हते. सर मात्र म्हणाले, सुई लांब आहे म्हणून करंट जास्त आला. चोर तो चोर, वर शिरजोर.

"विचार करून सांगते," म्हटलं आणि कागद घेऊन तडक भाचीला गाठलं. दंडाला धरून सकाळपासून चालू असलेल्या टाकीपाशी आणली. जुनीच, काजळलेली सुई आत सरकवली आणि त्या चिठ्ठीच्या नाकावर टिच्चून तापवली. टोक नारिंगी झालं, तसं व्होल्टेज उतरवलं.

"आता मोज."

तिने मोजलं. आकडा पहिल्याइतकाच. पुन्हा मोजलं, तोच. ती स्टुलावर बसली.

"मावशी, तरीपण सही कर ना."

"कशावर? मी लांब कापली, यावर?"

"तू दोन वर्षांत रिटायर होशील. तुला कोण काय विचारणार आहे? माझी नोकरी अजून सुरू व्हायचीय. हा प्रबंध गेला तर माझ्याकडे काहीच नाही."

एक ठेवून द्यावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू. हिला वायर सोलायला मी शिकवलं.

"सुरू व्हायचीय म्हणूनच नाही करणार." मी कागदावरचा मजकूर खोडला आणि खाली लिहिलं: सुई पाच मिलिमीटरचीच होती. तीन वर्षं मोजणीआधी टोक तापवून साफ केलेलं नाही. त्याखाली सही ठोकली. "घे. सरांना नेऊन दे, नाहीतर फाडून टाक. फाडलास तर मला मावशी म्हणू नकोस."

ती कागद घेऊन दारापर्यंत गेली. "तीन वर्षं गेली गं."

ती रडत होती. एरवी मी जवळ घेतलं असतं.

"गेली," मी म्हटलं. "आणि तिन्ही वर्षं मी रोज जेवताना तुला हेच सांगत होते. तू म्हणायचीस, मावशी, तुला थिअरी कळत नाही."

ती परत आली. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि सरांच्या खोलीकडे गेली.