अस्तरातल्या पेशींना हाक मारणारं भस्म

खर्ड्यात अंगदमहाराजांच्या मांडवापुढे सकाळपासून रांग लागली होती. वाकडी बोटं घेऊन आलेली माणसं तीन दिवसांत मूठ वळायला लागत, असा बोलबाला होता. महाराज हातावर भस्माची पुडी ठेवत आणि मोबाईलकडे बघून सांगत, "सांध्याच्या आत अस्तर असतं. त्यातल्या पेशी बिथरल्या की संधिवात. अमेरिकेतले डॉक्टर त्या पेशी अजून हुडकतायत. आमचं भस्म त्यांना नावानिशी हाक मारतं. मात्र श्रद्धा पाहिजे. श्रद्धा नसेल, तर ही नुसती राख."

बिभीषणला यातलं एक अक्षर पटत नव्हतं. पण बायकोची, झुंबरबाईची बोटं सुजून तिला सकाळी तांब्याही उचलेना, आणि दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघणार होती. तिथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिचा हात थांबला की मुकादम त्याला एकट्याला घेणार नव्हता. तो मुकाट्याने रांगेत उभा राहिला.

चौथ्या दिवशी झुंबरबाईने भाकरी थापली. महिनाभरात तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. आयाबाया म्हणाल्या, तेज आलं. बिभीषणचं मात्र डोकं चक्रावलं होतं. ही नुसती राख आहे हे दाखवून महाराजांची फजिती करायची म्हणून त्याने आपल्या दुखऱ्या गुडघ्यासाठी तिच्या पुड्यांतल्याच दोन खाल्ल्या होत्या, आणि गुडघा चक्क कुरकुरायचा थांबला होता.

"माजी श्रद्धा न्हाई, तरी गुण आला," जामखेडच्या डॉक्टर राजेश्वरीबाईंपुढे पुडी ठेवत तो म्हणाला. "मंग ह्यात राखेबिगर काय हाय?"

बाईंनी झुंबरबाईची साखर तपासली. साडेतीनशे निघाली. पुडी तपासायला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं: राखेत स्टेरॉईडच्या गोळ्या दळून घातल्या होत्या.

"अस्तराची गोष्ट खरी आहे," बाई म्हणाल्या. "तिथल्या पेशी बिघडतात आणि हाड कुरतडतात. नेमक्या त्यांनाच गाठणाऱ्या औषधावर संशोधन चालू आहे, पण ते अजून हाताशी नाही. ही पुडी कुणाला हाक मारत नाही, साऱ्या अंगालाच दामटून गप्प बसवते. चेहऱ्यावर आहे ते तेज नव्हे, सूज आहे, आणि साखरही त्यानेच चढली. पुड्या एकदम तोडू नका, मी मात्रा हळूहळू उतरवते. माझी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रक्त तपासत राहायचं. गुण यायला दोन-तीन महिने लागतील."

"म्हंजे औंदा कोयता न्हाई," झुंबरबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बिभीषणने बाईंची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नवऱ्याला घेऊन मांडवात गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव, किती घ्यायची, त्रास झाला तर काय करायचं, सगळं होतं. चिठ्ठी पुढे करून ती म्हणाली, "म्हाराज, तुमच्या पुडीचंबी असंच लिवून द्या. खाली सही करा."

महाराज हसले. "बाई, तुझी श्रद्धा ढळली."

"ह्यांची तर कधीच नव्हती," तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मंग ह्यांचा गुडगा दुखायचा कशानं राहिला?"

महाराज पाणी प्यायले, पण पेनाला त्यांनी हात लावला नाही. पोटात जाणाऱ्या वस्तूत काय आहे, हे देणाऱ्याला विचारावं, आणि तो सांगेना तर ती घेऊ नये. एवढं करायला श्रद्धा सोडावी लागत नाही. रांगेतल्या म्हाताऱ्या मुक्ताबाईने आपली पुडी महाराजांपुढे ठेवली.

"मलाबी लिवून द्या," ती म्हणाली आणि उत्तराची वाट बघत तिथेच बसली.