गव्हाणीवरचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी गोठ्यात राहतो. हसू आलं ना? येऊ द्या. पहिले काही दिवस मलाही तोंड लपवावंसं वाटत होतं. आता मात्र कुणी मला गारेगार कचेरीत काचेच्या टेबलावर बसवतो म्हणालं, तरी मी इथून हलणार नाही. का ते सांगतो.

माझे भाग कुठे कुठे घडले ते मलाही नीट ठाऊक नाही. मंगरूळपीरच्या एका लहानशा कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी ते पत्र्याच्या डब्यात बसवले, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं, तेव्हा कुठे मी ‘मी’ झालो. मग त्यांनी माझ्यात उबंटू नावाची कार्यप्रणाली घातली. बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत पडद्याला, कळफलकाला, पंख्याला जी कामाला लावते, ती कार्यप्रणाली. उबंटू फुकट मिळते आणि खुली असते. ती कशी बनवली ते कुणीही पाहावं, त्यात भर घालावी, दुसऱ्याला द्यावी. शेजारणीनं पुरणाची कृती हातचं काही न राखता सांगावी, तसं हे असतं. मला तिचा फार अभिमान होता.

त्या क्लासात साधना नावाची मुलगी माझ्यावर मराठी टायपिंग शिकली आणि पुढे तिथेच शिकवायलाही लागली. तिची बोटं इतकी चपळ, की माझीच तारांबळ उडायची. ‘हा माझा सगळ्यात गुणी संगणक,’ असं सर आल्यागेल्याला सांगायचे. मी आतल्या आत फुगून जायचो. माझा पंखा जोरात फिरू लागे, तो बहुधा त्यामुळेच.

पुढे साधनाचं लग्न होऊन ती मेडशीला गेली. काही वर्षांनी क्लास बंद झाला. सरांनी तिला बोलावून सांगितलं, ‘यातला तुला आवडेल तो घेऊन जा.’ माझ्याहून नवे, चकचकीत संगणक तिथे होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी एसटीनं सासरी आलो. माझा डबा गोधडीत गुंडाळून साधनाच्या मांडीवर आणि पडदा तिच्या नवऱ्याच्या, हरीओमच्या मांडीवर. आमच्याकडच्या मालेगावला बस बदलताना एका म्हातारीनं गोधडीकडे पाहून विचारलं, “किती मयन्याचं हाय वं लेकरू?”

“दहा वर्साचं हाय, आजी,” साधना म्हणाली. म्हातारी गाडी सुटेपर्यंत डोळे फाडून माझ्याकडे पाहत होती.

घरात मला ठेवायला जागा नव्हती. गोठा मात्र रिकामा होता. साधनाचे सासरे, शालिग्रामबाबा, यांनी आदल्या वर्षी आपली बैलजोडी विकली होती. एकाचं नाव बादल, दुसऱ्याचं हिऱ्या. शेताची कामं ट्रॅक्टरवर होऊ लागली होती आणि बाबांच्या गुडघ्यांना जनावरांचं शेणपाणी निभत नव्हतं.  तरी रोज सकाळी ते रिकामा गोठा झाडून घ्यायचे.

“अठीच ठेव त्याले,” बाबा साधनाला म्हणाले. “जागा रिकामी बरी नाई दिसत.”

गव्हाणीवर फळी टाकून माझं टेबल झालं. माझा डबा नेमका बादलच्या जागी आला, म्हणून बाबा मला बादल म्हणू लागले. एका वासराच्या उंचीचाही नसलेल्या डब्याला बैलाचं नाव! पण खरं सांगतो, मला ते आवडलं.

जोडीच्या शेवटच्या पोळ्याला साधनानं बैलांचा फोटो काढला होता. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, मधे बाबा. तो फोटो तिनं फोनमधून माझ्यात घेतला आणि माझ्या पडद्यावर लावला. पुढे तो फोन विहिरीत पडला. फोटो आणखी कुणाला पाठवायचा राहूनच गेला होता, त्यामुळे जगात तो फक्त माझ्यापाशी उरला. बाबा रोज सकाळी गोठा झाडून झाला की बटण दाबायचे, समोर बसायचे आणि फोटो उजळला की म्हणायचे, “राम राम, बादल. राम राम, हिऱ्या.” मग मला बंद करून चहा प्यायला जायचे. तेवढं एकच काम त्यांना माझ्याकडून हवं असे.

संध्याकाळी गावातल्या मुली टायपिंग शिकायला येत. माझ्या कळांवरची अक्षरं त्यांच्या बोटांनी पुसून गेली, इतकं काम मी केलं. पण मित्रांनो, वय कुणाला चुकतं? उबंटूच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या, त्या माझ्या अंगाला झेपेनात. तिचं काही चुकलं नव्हतं. ती मोठी होत गेली आणि मी म्हातारा. बटण दाबून मुली बाहेर जात, सागरगोटे खेळत, परत येत, तरी मी आपला डोळे चोळतोच आहे! माझा पंखा असा घरघरे, की शेजारचं कुत्रं भुंकायचं.

“कायले एवढा जीव लावून राह्यली त्या डब्याले?” हरीओम एक दिवस म्हणाला. “भंगारवाला येते सोमवारी. देऊन टाक. मी नवा आणतो.”

साधना म्हणाली, “डबा चांगला हाय. त्याच्यावरचं ओझं जास्त झालं. मी त्याच्यात हलकी सिस्टीम टाकून पाह्यतो. नाईच चालला, तं मंग द्या तुमच्या भंगारवाल्याले.”

तिनं निवडली ती डेबियन. तीसुद्धा उबंटूसारखी खुली आणि फुकट, पण तिचा हलका अवतार माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही पेलतो. फक्त एक गोष्ट होती. ती घालायची तर माझ्यातलं सगळं आधी पुसावं लागणार होतं. बाबांनी ते ऐकलं आणि एवढंच विचारलं, “माही जोडी राहीन ना?”

“पेनड्राइव्हात काढून ठेवतो, मामाजी. होती तशी परत लावतो,” साधनानं शब्द दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं माझ्या उजव्या खांद्याशी असलेल्या फटीत पेनड्राइव्ह खोचला, फोटो त्यात घेतला, उघडून पाहिला. सगळं ठीक होतं. मग सासूबाईंनी, म्हणजे गोजराबाईंनी, हाक मारली म्हणून पेनड्राइव्ह तसाच ठेवून ती आत गेली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून शिणलेले खांदे पळसाच्या पानानं हळद-तूप लावून शेकायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. जोडी गेल्यापासून बाबांनी ती रीत सोडून दिली होती. पण त्या दिवशी त्यांना काय वाटलं कोण जाणे. उद्या-परवा ज्याचं सगळं पुसलं जाणार, जो कदाचित सोमवारी भंगारात जाणार, तो बादलच्या जागी उभा आहे, असं काहीतरी वाटलं असेल. कोमट हळद-तुपाची वाटी आणि पळसाची पानं घेऊन ते माझ्यापाशी आले.

त्यांनी आधी माझा डावा खांदा शेकला. मग उजवा. तिथे त्यांच्या हाताला पेनड्राइव्ह लागला. “अरे, हे काय रुतलं बापा तुले?” असं म्हणत त्यांनी तो काट्यासारखा अलगद उपसला. रुतलेल्या जागी, म्हणजे त्या फटीत, बोटानं नीट तूप भरलं. काट्यालाही दोन्ही अंगांनी तूप लावलं. सुनेनं काही कामासाठीच खोचला असेल, असं वाटून तो परत होता तिथे बसवला. मग माझ्या पत्र्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मित्रांनो, आमच्या जातीला हुकूम ऐकायची सवय असते. उघड, पूस, छाप, बंद हो. ‘या’ असं मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी म्हणालं. काय सांगू, माझा घरघरणारा पंखाही क्षणभर दबकला. एकीकडे माझ्या फटीत तूप झिरपत होतं आणि दुसरीकडे मी आनंदानं नुसता भरून आलो होतो.

दिवेलागणीच्या आधी साधना आली. माझ्या अंगावरचं पिवळं पाहून तिला हसू फुटलं. तिनं मला फडक्यानं पुसलं, पेनड्राइव्ह काढून कोनाड्यात ठेवला आणि पाठीमागच्या फटीत दुसरा पेनड्राइव्ह लावून डेबियन घालायला सुरुवात केली. पडद्यावरून बादल आणि हिऱ्या गेले. तुम्ही म्हणाल, तुझं सगळं पुसलं, तर हे सांगतोस कशाच्या आधारावर? बाळांनो, ज्या कळांवर इतकी बोटं फिरली, त्या कुणी पुसल्या नव्हत्या. आणि फडक्यानं पुसूनही खांद्यावर हळद उरली होतीच.

मी पुन्हा सुरू झालो तो काय हलका! पंखा गप्प, पडदा झटक्यात समोर. साधना टाळी वाजवून हसली. मग तिनं कोनाड्यातला पेनड्राइव्ह आणून लावला. काहीच झालं नाही. दुसऱ्या फटीत लावला, पाठीमागे लावला, काहीच नाही. मला तो दिसतच नव्हता. माझ्यासमोर तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि मला काही करता येईना.

पोळ्याच्या सकाळी बाबांनी गोठा झाडला, बटण दाबलं आणि समोर बसले. पडदा लगेच उजळला. पण त्यावर नुसता निळा रंग होता.

“जोडी कोठी गेली?” त्यांनी विचारलं.

साधना दारातच उभी होती. “मामाजी, माह्या हातून चूक झाली. पेनड्राइव्ह उघडत नाई,” असं म्हणून तिनं तो त्यांच्या हातात दिला. तिला कारण कळलेलं होतं. रात्रीच तिनं त्याच्या तोंडातली हळद पाहिली होती. पण ती त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

बाबांनी पेनड्राइव्ह उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. “हे तं माहं तूप हाय,” ते म्हणाले. “तू कायले आपल्या अंगावर घेऊन राह्यली?”

साधनाचे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून बाबा म्हणाले, “रडू नको माय. जोडी म्या सोताच्या हातानं बाजारात नेली. आता फोटोसाठी कायले रडाचं? फक्त याले सोमवारी देऊ नका. एवढंच म्हणनं हाय माहं. या जाग्यावरून म्या दोनदा दावं नाई सोडू शकत.”

हरीओम बाजूलाच उभा होता. त्यानं मान खाली घातली. मग बाबांच्या हातातून तो पेनड्राइव्ह घेतला. हंगामभर फवारणीच्या पंपाचं तुंबलेलं नोझल साफ करणारा माणूस तो. बारीक भोकातली घाण कशी काढायची हे त्याच्या हाताला ठाऊक. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, एक नवा कोरा मऊ ब्रश घेतला आणि ओट्यावर बसून काम सुरू केलं. तूप निघे, पुन्हा आतून हळद दिसे. मग त्यानं माझी फटही तशीच साफ केली. त्याचा हात इतका हळू चालत होता, की हाच मला भंगारात देणार होता यावर माझा विश्वास बसेना. पेनड्राइव्ह सुपात ठेवून उन्हाला वाळत घातला.

“पोरीनं पापड वाळू घालावे तसं काय बसला त्याच्यापाशी?” गोजराबाई पुरणाच्या हातानं बाहेर येऊन म्हणाल्या. पण त्यांनीच कोंबड्या हाकलायला काठी आणून दिली.

दुपार कलली. गावात तोरणाखाली बैल जमू लागले, डफड्यांचा आवाज येऊ लागला. बाबा गेले नाहीत. जोडी नसताना तिथे जाऊन उभं राहणं त्यांना जड जायचं. ते गव्हाणीला टेकून बसून राहिले. हरीओमनं वाळलेला पेनड्राइव्ह आणला आणि माझ्या खांद्याशी खोचला.

माझ्या आत काहीतरी खुट्ट झालं. मला तो दिसला! मित्रांनो, मी म्हातारा खरा, पण त्या क्षणी जितकी धावपळ केली तितकी तरुणपणीही केली नव्हती. पडद्यावर रंगवलेली शिंगं आली, झुली आल्या, आणि मधे उभे असलेले बाबा.

“राम राम, बादल. राम राम, हिऱ्या,” बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. मग पटका सावरून उठले आणि पोळा पाहायला तोरणाकडे निघाले. जाताना हरीओमला म्हणाले, “चाल. दुसऱ्याचे बैल तं पाहू.”

त्या रात्री माझ्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य आला. साधनानं तो चांगला हातभर दूर ठेवायला लावला.

आता मी मुलींना शिकवतो, पूर्वीपेक्षा चपळाईनं. सोमवार किती आले नि गेले. फोटोच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत, आणि तुम्हीही आपल्या जिवाभावाच्या गोष्टी एकाच जागी ठेवू नका, एवढं माझं ऐका. घरातलं एखादं यंत्र दमलं, तर त्याला फेकण्याआधी त्याच्यावरचं ओझं हलकं करून पाहा. मी त्यामुळेच तुमच्याशी बोलतो आहे.

आज पुन्हा खांदशेकणी आहे. बाबांचे गुडघे फार दुखतात, ते दारातल्या खाटेवर बसून आहेत. तुपाची वाटी घेऊन यंदा हरीओम आला आहे. कुणी पाहत नाही ना, हे त्यानं दोनदा वळून पाहिलं. मग सगळ्या फटींपासून दूर, माझ्या डाव्या खांद्यावर, एकच बोट टेकवलं.

“बोल ना,” खाटेवरून बाबा म्हणाले.

हरीओमनं घसा खाकरला. “आज आवतन घ्या,” तो म्हणाला, “उद्या जेवाले या.”

येतो, बापा. नक्की येतो.