पट्टीचा वास

पलंग बनवणाऱ्या कंपनीकडून अख्खा माल परत आला तेव्हा दादा ऑफिसात न जाता सरळ मागच्या दारी बहिणीकडे आला. हातात प्लास्टिकच्या पट्टीचा वीतभर तुकडा होता. कपाटाच्या, पलंगाच्या कापलेल्या कडा झाकायला रंगीत पट्टी चिकटवतात, ती. वडिलांनी काढलेल्या त्यांच्या कारखान्यात ही एवढी एकच वस्तू बनायची.

"नाकाडे, याचा वास घे," तो म्हणाला.

लहानपणापासून ती घरात नाकाडीच होती. जिन्याशी कोणता काका आलाय ते नुसत्या वासावरून सांगायची. लपंडावात धाकटा भाऊ कपाटात शिरला तरी त्याच्या डोक्याचं तेल त्याला धरून द्यायचं. पुढे वडिलांचं आजारपण काढता काढता तिचं लग्न राहूनच गेलं. ते गेल्यावर कारखान्यामागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहू लागली. भाऊ आपापल्या बायकामुलांसह पुढच्या रस्त्यावरच्या घरांत राहायचे. दादा विक्रीचं बघायचा, धाकटा मशीनचं. तिला कोणी काही विचारायचं नाही.

तिने तुकडा नाकाशी धरला आणि मान फिरवली. "घशात जाऊन बसतो हा. थिनरसारखा, आणि खाली काहीतरी तेलकट."

"मुलांच्या खोलीतला पलंग आहे," दादा म्हणाला. "कुणा आईने तक्रार केली, पोरगं त्या खोलीत झोपायलाच तयार नाही. हा वास गेला नाही तर कंपनी आपल्याला दारात उभं करणार नाही."

मग धाकट्याने पद्धत बसवली. पट्टीचे तुकडे काचेच्या बरण्यांत घालून झाकण घट्ट लावायचं, बरण्या भट्टीत उबेला ठेवायच्या, आणि नंतर ताईने एकेक उघडून वास घ्यायचा. बरणीवर नुसता खडूचा आकडा. कशात काय बदललंय ते तिला सांगायचं नाही, म्हणजे नाक पक्षपात करणार नाही. तिच्यासाठी मशीनशेजारी उंच स्टूल आलं. कामगार जाता-येता "काय ताई, आज कोण पास?" म्हणून विचारू लागले. डोकं ठणकायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. पण सकाळी साडीच्या निऱ्या नीट करून ती वेळेआधीच हजर असायची.

निकाल लवकर हाती आला. प्लास्टिक मऊ करायला घालतात ते तेल हलकं होतं, आणि रंगातलं थिनर पट्टीत अडकून बसत होतं.

"चांगलं तेल घेऊ, पाण्यातला रंग वापरू," धाकटा म्हणाला. "वास मुळातच राहणार नाही."

"आणि महाग पडेल ते कोण सोसणार? कंपनी भाव वाढवून देत नाही. दुसरं सांग."

दुसरं म्हणजे गरम खोली. जुन्या गोदामात पट्टीच्या गुंडाळ्या मांडायच्या आणि गरम हवा सोडायची. वास पट्टीतून सुटतो, पंखा तो बाहेर फेकतो. ताईने पहिल्या बरणीचं झाकण काढलं, पुन्हा पुन्हा हुंगलं, आणि तिला हसू फुटलं. "काही नाही रे. नुसती काच." दादाने सगळ्यांना चहा पाजला. कंपनीने माल घेतला.

फक्त पंख्याचं तोंड मागच्या अंगणात उघडत होतं आणि अंगणाच्या पलीकडच्या भिंतीत ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. पाइप छपराच्या वर न्यायचा, मध्ये वास शोषणारी कोळशाची गाळणी बसवायची, असं धाकट्याने आखून ठेवलं होतं. दादा म्हणाला, पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या.

ताईने खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या. तरी पाण्याला तो वास, उशीला तो वास. तिने दादाला त्याच्या घरी जाऊन सांगितलं.

"तुला वास जरा जास्तच येतो, नाकाडे. बाकी कोणाची तक्रार नाही."

"बाकी कोणाची खिडकी तिथे नाही, दादा."

वहिनी हसून म्हणाली, "ताईंना काय, उद्या चांदण्याचाही वास येईल." सगळे हसले. ज्या नाकाच्या जिवावर माल चालला होता, ते एकदम घरातलं एक खूळ ठरलं.

मग वास हळूहळू कमी झाला. एका सकाळी ताईने खिडकी सताड उघडली, अंगणात उभी राहून खोल श्वास घेतला. काही नाही. तशीच ती धाकट्याकडे गेली.

"पाइप वर नेलास वाटतं. बरं झालं बाबा. शेवटी तूच ऐकलंस."

धाकटा मशीनवर वाकला होता. पाइप होता तिथेच होता. त्या सकाळीही तिच्या अंगणातून येताना त्याने नाकाला रुमाल लावला होता. त्याने वर बघितलं, ताईचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "हो. झालं ते काम."

त्यानंतर ताई प्रत्येक बरणी पास करत गेली. दादाच्या घरी इस्त्री कपड्यावर तशीच राहून धूर झाला तेव्हा वहिनीने धावत येऊन प्लग काढला. ताई शेजारच्याच खोलीत भाजी निवडत बसली होती. "लक्ष कुठे असतं तुमचं?" वहिनी म्हणाली. लक्ष नसेल, असंच ताईलाही वाटलं.

आणि माल पुन्हा परत आला. गरम खोलीतला पंखा मधेच बंद पडला होता, आणि त्या गुंडाळ्या तिच्या शब्दावर गेल्या होत्या.

दादाने तिला ऑफिसात बोलावलं. बरणी पुढे सरकवली. "घे वास."

तिने घेतला. "काही नाही."

"काही नाही?" दादाने झाकण काढताच दाराजवळच्या कारकुनाने तोंड फिरवलं होतं. "डोकं फिरायची वेळ आलीय इथे, आणि तू काही नाही म्हणतेस. तुझ्यावर विसंबून नाक कापून घेतलं मी बाजारात."

ताईने बरणीत पुन्हा नाक घातलं. मग टेबलावरचा चहाचा कप उचलून हुंगला. मग आपला पदर. ती भिंतीशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे वळली.

"पाइप वर नेलास ना तू?"

"पाइप कुठे वर नेलाय?" दादाने विचारलं.

धाकटा फरशीकडे बघत राहिला. ताई ऑफिसातून बाहेर पडली.

डॉक्टर म्हणाले, त्या वाफांनी वास घेण्याची शक्तीच गेलीय, ती परत येईल असं सांगता येत नाही. आधी ती जागा सोडा. तिने सोडली. दोन रस्ते पलीकडे एक खोली घेतली. कंपनीचा माणूस कारखाना बघायला येणार म्हटल्यावर दादाने पाइप आठवड्याच्या आत छपराच्या वर नेला, गाळणी बसवली, अंगण धुऊन काढलं. ताईच्या खोल्यांत त्या माणसाला बसायला खुर्च्या मांडल्या.

धाकटा तिच्याकडे आला तो बऱ्याच दिवसांनी. दारात घुटमळला. "मला वाटलं होतं मी नेईनच पाइप," तो म्हणाला. "दादाला पटवून नेईन. तू इतकी खूश होतीस ताई, मला नाही म्हणवलं नाही."

"बस," ती म्हणाली. चहाला दूध काढलं, पातेलं हातात घेऊन थांबली आणि त्याच्यापुढे धरलं. "कालचं आहे. बघ रे, चांगलं आहे का."

त्याने वाकून वास घेतला. "चांगलं आहे."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मोरीपाशी गेली आणि सगळं दूध ओतून टाकलं.

"चांगलं होतं गं ताई, खरंच."

"असेल," ती म्हणाली, आणि पातेलं घासायला घेतलं.